मागितलं तरी पानी देत नाय

आमी मूलचे इथलेच, ताई. हे तुमी घोडबंदर रोडला खाडीच्या अंगाला टॉवर बघताय ना, तिथं आमचं भात व्हतं आनि त्याच्या पुढं मिठागर, आनि त्या मिठागरावर माझा आजा, मंग माझा बाप, मंग मी. हिराजी माझं नाव, शाला चौथी. मिठाचं काम कसं असतं ते आता नातवंडांना सांगितलं तर त्यांना गोष्ट वाटते, खाडीचं पानी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, पायानं तुडवून तुडवून तल घट्ट करायचा, आनि मीठ धरलं की ओढून बांधावर रास लावायची. दिवसभर पाय खाऱ्या पान्यात. टाचेला भेगा, त्या भेगेत मीठ, काय सांगू तुमाला, रडू यायचं पन रडायचं कोनासमोर, सगल्यांचेच पाय तसले.

आनि प्यायचं पानी गावच्या विहिरीचं. चहूकडं पानी आनि त्यातलं घोटभर तोंडात घेता येत नाय, म्हनून बाया डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालत यायच्या. त्यात आमची चांगुना, माझी बायको, तवा लगीन होऊन नवीनच आलेली. हंडा आला की सगले ओंजल पुढं करायचे, ती वतायची, पयले म्हातारे, मंग बाकीचे, हंडा संपला की परत विहिरीवर. ती सवता कवा प्यायची? मी कवा बघितलंच नाय, खरं ते सांगतो, तवा माझ्या डोक्यात पन आलं नाय. आनि दिवसाला किती प्यायलास हे आमाला कोनी विचारत नव्हतं. तान लागली की प्यायचं, नाय मिलालं तर ओठावरून जीभ फिरवायची आनि वाकायचं कामाला.

मंग मिठागर बंद पडलं, शेत बिल्डरकडं जेलं, आनि आमी अकराव्या मजल्यावर आलो. मी, चांगुना, मुलगा नरेश, सून स्नेहल आनि तिची दोन पोरं. किचनमध्ये पान्याचं मशीन, बटन दाबलं की पानी. आनि पानी घरात आलं तवापासून जो उठतो तो सांगतो, पानी प्या. माझा सोभाव संशयी हाय, ते आधीच सांगून ठेवतो. चांगुना बोलते, यांना देवलात उभं केलं तरी यांचं अर्धं ध्यान चपलेवर. हाय बाबा, हाय. मला कोनी फुकट काय सांगाया लागलं की मी आधी बघतो याचा हात कुठं हाय.

स्नेहल डोंबिवलीची, शिकलेली, माजिवड्याला हापिसात जाते. तिची एक बाटली हाय हंड्याएवढी, तिच्यावर रेघा, नऊ वाजता इथपर्यंत, अकरा वाजता इथपर्यंत. मी तिला विचारलं, मला तान कवा लागनार ते ह्या बाटलीला कुनी सांगितलं गो? ती हसली, बोलली बाबा, तुमी पन प्या ना जरा जास्त. मी बोललो बघू. मंग खाली क्लब हाऊसमध्ये एक बाई आली मशीन घेऊन, बोलली साधं पानी म्हंजे नुसतं पानी, आमचं पानी म्हंजे औषध, पित्त जातं, गुडघे जातात, मी मागून बोललो गुडघे जेले तर चालनार कशावर? सगल्या हसल्या. शेवटी फॉर्म निघालाच. तुमाला सांगतो, फॉर्म निघाल्याशिवाय यांचं भाषन संपत नाय.

पन चांगुनाला ते पटलं. मशीन नाय घेतलं, मी घेऊन दिलं नसतं, पन फोनवर कुनीतरी धाडलेलं असतं ना, उठल्या उठल्या चार तांबे, जेवनाच्या आधी दोन, झोपायच्या आधी दोन, ते तिनं धरलं. सकाली गॅलरीत बसायची आनि घटाघटा प्यायची, मी बोललो अगो पोट हाय का टाकी? तर माझ्याकडं बघितलं आनि बोलली, जलमभर दुसऱ्याला पाजलं, आता मी पिते, तुमचं काय जातं?   मला वाईट वाटलं, आनि जरा बरं पन वाटलं तिला असं निवांत पिताना बघून.

त्याच वक्ताला तिचं बीपी निघालं. डॉक्टरनं गोली दिली, लघवी जास्त होते ती गोली, आनि बोलला मीठ कमी करा. आता मिठाचं मला सांगनार? मी मिठागरावरचा मानूस, मीठ काय करतं ते माझ्या पायाला इचारा. मी मिठाची बरनी उचलली ती सरल माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागं. स्नेहल बोलली, बाबा, डॉक्टर कमी बोललेत, बंद नाय बोलले. मी बोललो कमी कमी करत मानूस परत तिथंच येतो. आनि मला संशय हिचाच, की ही सासूला लपून घालते, म्हनून मी रोज जेवनाआधी चांगुनाच्या वाटीतल्या आमटीत बोट बुडवून बघायचो. बघा म्हंजे, घरात सून अशी गुनाची, आनि मी तिच्या आमटीत बोट घालतोय.

थोडे दिवस बरं चाललं. मंग चांगुनाचं डोकं दुखाया लागलं, पोटात मलमलाया लागलं, चालताना भिंतीला हात लावायची. लिफ्टमध्ये भेटेल ती बोलायची, काकींना पानी कमी पडतंय, ऊन किती हाय बघा. नरेश बोलला आई पानी पी. मला वाटलं ह्या मशीनमध्येच काहीतरी खोट हाय, पान्यातलं चांगलं सगलं काढून घेतं हे, म्हनून मी मशीनचं बटन बंद केलं, ठान्यात खोपटला जाऊन माठ आनला, आनि माठातलं पानी तिला पाजाया लागलो. माझ्या हातानं. पेल्यावर पेला. ती नको बोलली तरी, पी गो, हे चांगलं हाय, हे माठाचं हाय. सगल्या जगावर संशय घेतला मी, ताई, आनि पाजनारा मीच.

एक दिवस सकाली दहाच्या सुमाराला ती गॅलरीत सुकट निवडत बसलेली. बघतो तर टाकायची डोकी ताटात ठेवते आनि चांगली सुकट कचऱ्यात टाकते. मी बोललो, चांगुना, हे काय चाललंय? तिनं वर बघितलं, डोक्यावरून पदर घेतला, आनि मला बोलली, बसा भाऊ, कोनाकडं आलात? मला वाटलं मस्करी करते. मी बोललो चांगुनाकडं आलोय. तर कशी गोड आवाजात बोलली, चांगुना घरात नाय, पान्याला जेलीय, येईल इतक्यात.

तवा मला कललं, ही मस्करी नाय. आनि मी काय केलं, तर माठातला अजून एक पेला भरून तिला दिला. तिनं तो अर्धा प्यायला आनि हात ताठ झाले, डोले फिरले, पेला सांडला. नशीब स्नेहल त्या दिवशी घरून काम करत व्हती, ती धावत आली, तिनं सासूला कुशीवर वलवली, वॉचमनला बोलावलं, गाडी काढली. घोडबंदर रोडला ते ट्रॅफिक, मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेलो, आनि स्नेहल काच खाली करून वरडत व्हती, जाऊ द्या हो, पेशंट हाय, जाऊ द्या. 

दवाखान्यात रक्त काढलं. डॉक्टर एक तरनी बाई व्हती, बाहेर येऊन बोलली, यांच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय, काय खात व्हत्या, किती पानी पीत व्हत्या?  माझ्या बायकोच्या रक्तात मीठ नाय! स्नेहलनं सगलं सांगितलं, गोली सांगितली, पानी सांगितलं, आनि मी वाट बघतोय, आता ही सांगनार बाबांनी बरनी लपवली. तिनं नाय सांगितलं. बोलली, घरात आमी मीठ बंदच केलेलं. आमी बोलली. मला इतकी लाज वाटली की मी उठून उभा राहिलो आनि बोललो, डॉक्टरीन बाय, बरनी मी लपवली, पानी पन मीच पाजलं. ती रागावली नाय. बोलली ती गोली, ते पानी आनि ते मीठ, तिन्ही एकत्र आलं काका, आता मीठ हलूहलूच चढवावं लागेल, घाई केली तर मेंदूला धोका हाय. मी विचारलं, वाचेल का? बोलली, बघू या, दोन-तीन दिवस काय सांगता येत नाय.

बाहेर बाकड्यावर स्नेहल तिची ती बाटली घेऊन बसलेली, रडते पन आनि पिते पन. मी बोललो, आता तरी ती बाटली टाक गो. तवा ती बोलली बाबा, मला दोनदा मुतखडा झालाय, मला डॉक्टरांनीच सांगितलंय, नाय प्यायलं तर परत होईल. इतकी वर्सं एका घरात राहून मला ठावं नाय! मी आपला फॅशन समजत व्हतो. मंग मीच जाऊन तिची बाटली भरून आनली.

तीन दिवस चांगुना मला भाऊ बोलत व्हती. किती अदबीनं, भाऊ तुमी जेवलात का, भाऊ तुमचं गाव कुठलं. चाल्लीस वर्सांच्या वर संसार झाला, ताई, मला कवा अशी अदबीनं बोलली नाय, आनि मला ते ऐकवेना, मी पडद्याच्या मागं जाऊन तोंडात टॉवेल धरायचो. चौथ्या दिवशी दुपारी डोले उघडले, बघितलं माझ्याकडं, आनि बोलली, दाढी कोन करनार, माझा बाप? मी तिथंच ढसाढसा रडलो, नर्स घाबरली.

आता घरी हाय ती. गोली बदलली, मीठ बेतानं सुरू हाय, आनि डॉक्टरनं सांगितलंय पुढचं रक्त बघेपर्यंत दिवसाला पान्याचा एवढा एक जग, त्याच्यावर नाय. तो जग माझ्या ताब्यात. तुमी विचारलंत मानसानं जास्त पानी प्यावं का, तर मला काय ठावं, स्नेहलनं प्यावं, उन्हात रस्ता खोदनाऱ्यानं प्यावं, आनि ज्याला गोल्या चालू हायत त्यानं आपल्या डॉक्टरला इचारावं, लिफ्टमध्ये नाय. मी कोनाला पी बोलत नाय आनि नको बोलत नाय. फक्त हिला बोलतो.

कारन हिला त्यातलं काय आठवत नाय. सुकट नाय, दवाखाना नाय, भाऊ तर नायच नाय. तिला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. दात घासाया जेली की मी मोरीच्या दाराशी उभा, कारन एकदा बादलीतलं पिताना पकडलेली. परवा कल्यानहून माझी बहीन आली, मी बहिनीला पानी दिलं, आनि हिनं तांब्याला हात घातला तसा मी तो हातातून काढून घेतला. पाहुन्यांसमोर. आमच्यात वैऱ्याला पन पान्याला नाय बोलत नाय, बहीन माझ्याकडं बघतच राहिली. आनि चांगुना कडाडली, मुडद्या, पान्याला महाग केलंस मला, म्हाताऱ्या, तुझं वाटोलं होईल, सगल्या टॉवरला सांगते तुझे धंदे!

सांगितलंन पन. खाली बायका माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघतात, वॉचमन पन बघतो. बघू दे. मी रोज सकाली पयला तिला जागी करतो, आनि ती डोले उघडून माझ्यावर वरडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मुडद्या बोलली की मंग मी चहा ठेवतो.