मेंडोलिनची चांदीची पट्टी

रविवार, सकाळचे दहा, शिवाजी पेठेतलं माझं घर. सुटे भाग मागवून मी महिनाभर मेंडोलिन जोडत होतो, पण तारा अडकवायची पट्टी पार्सलमध्ये आलीच नव्हती. आणि संध्याकाळी पेठेतल्या तालीम मंडळाच्या गणपतीपुढे वाजवायचं कबूल करून बसलेलो! शेवटी हुपरीचे चांदी कारागीर आण्णा यांना गळ घातली, आणि ते पट्टी घडवून घेऊन आले. तारा चढवून छेडल्या, तर छुम छुम! पट्टीला चक्क घुंगरं!

"आण्णा, हे काय?"

"पैंजणाचा हात हाय आमचा, पावणं. घुंगराबिगर माल घरातनं भाईर पडत न्हाय."

"अहो, हे वाद्य आहे!"

"मग? वाजतंय की!"

संध्याकाळी तसंच वाजवलं. वन्समोअर मिळाला. तो मेंडोलिनला होता की घुंगरांना, याचा खुलासा तालमीच्या अध्यक्षांनी आजतागायत केलेला नाही.