हे कुणासाठी

प्रितम : तसं नाही, बाई. भांडण झालं असतं तर सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी तुम्हाला गाडीत घालून आणलं नसतं. भांडण माझं मी मिटवतो. हे वेगळंच आहे. तिनं प्रार्थना बंद केलीय.

सुलोचनाबाई : रेखानं?

प्रितम : रेखानं. जेवायला बसलो की मी थांबतो, ही आभार मानेल म्हणून. ती ताटाकडं बघत बसते आणि मग म्हणते, जेवा. गेल्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या उपासनेला, चर्चमध्ये सगळे गायला उभे राहिले तेव्हा ही बसून राहिली.

सुलोचनाबाई : ते मी पाहिलं. वाटलं, पाय दुखत असतील. आजच्या सभेत साक्ष देशील का, असं मी मंडळीच्या ग्रुपवर दोनदा विचारलं तिला. विषयही तिच्या आवडीचा होता, देवावर पूर्ण मनाने प्रीती. तिनं उत्तरच दिलं नाही.

प्रितम : त्या विषयानंच तर घोळ वाढला. पण आधी कुलसुम पडली, तिथून सांगतो.

सुलोचनाबाई : ही कुलसुम कोण?

प्रितम : आमच्या समोरच्या दाराची. रत्नागिरीकडचे आहेत. तिचा नवरा जहूर आमच्या गाला भागातच, माझ्या गॅरेजशेजारी टायरचं दुकान सांभाळतो. त्याच्या अर्बाबनं, म्हणजे दुकानाच्या अरब मालकानं, त्याला दूर सलालाला धाडलं, नवीन दुकान लावायला. इकडं कुलसुम बाथरूममध्ये घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड घातला, घरी आणली. आता बघणार कोण? तिची सोहार गावची नणंद येते म्हणाली, आली नाही. मग रेखा जायला लागली.

सुलोचनाबाई : चांगलं केलं.

प्रितम : तुम्हाला रेखाचं माहितीय. वडील संगमनेरकडं प्रचारक होते. डोळे उघडले की पहिला विचार प्रभूचा, आणि गॅस पेटवायच्या आधी प्रार्थना, ही घरातली शिस्त. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी चहा मागितला तर म्हणाली, थांबा. बराच वेळ थांबलो. पण कुलसुमकडं जायला लागली तशी डोळे उघडले की ही थेट समोरच्या दारात. तिचं शौचाचं भांडं काढायचं, अंग पुसायचं, वेणी घालायची, आणि मग कुरुमला दवाखान्यात ड्युटीवर. परत आली की पुन्हा तिकडंच. दोघींचं हसणं मला इकडं ऐकू यायचं. इतकी हसणारी रेखा मी पाहिली नव्हती, बाई.

सुलोचनाबाई : अरे, मग ती देवाचीच सेवा झाली. त्यात प्रार्थना सोडण्यासारखं काय आहे?

प्रितम : मीपण तेच म्हणालो आणि फसलो. ऐका. एक दिवस रेखा तिची पाठ पुसत होती. कुलसुमनं विचारलं, “रेखा, ह्यां तू माज्यासाटी करतंस, का तुज्या देवासाटी?” रेखानं सांगितलं, माझ्या प्रभूसाठी करते.

सुलोचनाबाई : बरोबर उत्तर दिलं.

प्रितम : बरोबरच. मंडळीत कुणालाही विचारा, हेच सांगेल. कुलसुमनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी रेखानं बेल वाजवली तर दार एका श्रीलंकन बाईनं उघडलं. जहूरनं फोनवरून लावून दिली होती. कुलसुम आतूनच म्हणाली, आता तुला त्रास नको, पुण्य कमवायला तुला दुसरं कुणी मिळेल.

सुलोचनाबाई : असं बोलली ती?

प्रितम : रागानं नाही. हळूच बोलली, म्हणून जास्त लागलं असं रेखा म्हणते. कुलसुमला बहीण नाही. आई लहानपणीच गेली. पहिल्यांदाच कुणीतरी फक्त आपल्यासाठी येतंय, असं वाटत होतं बिचारीला.

सुलोचनाबाई : आणि रेखा?

प्रितम : घरात येऊन ओट्याला टेकून खाली बसली. मी समजावत होतो, तू खरं तेच बोललीस, तिला कळलं नाही. तर म्हणाली, “खरं कुठं बोलले? इतके दिवस मला देवाची आठवणसुद्धा झाली नाही. मी तिच्यासाठीच जात होते. आणि विचारल्यावर देवाचं नाव पुढं केलं, कारण ते शोभतं.”

सुलोचनाबाई : शोभतं म्हणून?

प्रितम : त्यात तुमचा मेसेज आला, पूर्ण मनाने प्रीती. मला म्हणाली, पूर्ण म्हणजे पूर्ण ना? ते कुलसुमकडं गेलं तर देवाला काय उरलं? आणि सगळं देवालाच द्यायचं तर कुलसुम कोण, नुसतं निमित्त? तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, तुमचा डबा तरी मी कुणासाठी भरते? मी म्हणालो, माझ्यासाठीच भर बाई, देव काही गॅरेजमध्ये येऊन जेवत नाही. हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.

सुलोचनाबाई : हे बघ, यात गोंधळण्यासारखं काही नाही. देवावर प्रीती ही प्रभूची पहिली आज्ञा, शेजाऱ्यावर प्रीती ही दुसरी, आणि ती पहिलीसारखीच आहे.

प्रितम : ते तिला पाठ आहे. ती विचारते, सारखी म्हणजे तीच का?

सुलोचनाबाई : तीच नव्हे. आधी देवावर प्रीती, मग तिच्यातून शेजाऱ्यावर. म्हणजे शेजाऱ्यावर आपण जी करतो ती… ती खरं तर… थांब जरा.

प्रितम : थांबतो.

सुलोचनाबाई : वर्गात शिकवताना मलासुद्धा देव आठवत नाही रे. फळ्यावर अपूर्णांक असतात आणि समोर पोरांचे चेहरे. सगळ्यांना समजलं का, एवढंच डोक्यात असतं.

प्रितम : मग तेव्हा तुम्ही कुणासाठी शिकवता?

सुलोचनाबाई : गाडी चालव, प्रितम.

(गाला. प्रितमच्या इमारतीचा दुसरा मजला. प्रितमच्या दाराला कुलूप आहे. समोरच्या दारात रेखा, ओल्या हातांनी.)

रेखा : बाई, तुम्ही? हे घेऊन आले होय तुम्हाला.

सुलोचनाबाई : तू इथे? प्रितम म्हणाला, दुसरी बाई लावलीय.

रेखा : तिची आज सुट्टी. हे गेल्यावर मीच बेल वाजवली. कुलसुमला दारातूनच सांगितलं, मी खोटं बोलले. तुझ्यासाठीच येत होते, देव ध्यानातही नव्हता. तेव्हा कुठं आत ये म्हणाली. तिला उठताच येत नाही ना. म्हणून दाराला कडी लावलेलीच नव्हती.

प्रितम : काय म्हणाली ती?

रेखा : आधी रडली. मग तिलाच माझी काळजी पडली. म्हणाली, आता तुजा देव तुज्यावर रुसंल, त्याला कुणीतरी समजवाया पायजे. आणि पडल्या पडल्या तिनं दोन्ही हात वर करून दुआ मागितली, माझ्यासाठी. संपल्यावर मी आमेन म्हणाले. तोंडातून गेलंच.

सुलोचनाबाई : मी तुझ्यासाठी प्रार्थना करायला आले होते, रेखा. सगळं ठरवून आले होते. आता काय मागावं तेच सुचत नाही.

रेखा : मलाही नाही, बाई. आत या. तिचं अंग पुसायचं पाणी निवतंय, आणि तिला कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नाही.