शटलने येणाऱ्यांचा अर्धा मार्क

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय आबासाहेब जगदाळे, प्रमुख पाहुण्या निवृत्त मुख्याध्यापिका कस्तुराबाई लोणकर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते मुख्याध्यापक साकोरे सर, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, सर्व शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, पालक आणि विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी रावजी ओव्हाळ. रेल्वेत नोकरीला आहे, दौंडच्या सिग्नल केबिनमध्ये. जुन्या लोकांना माझी ओळख मोनालीचे वडील म्हणून आहे. नव्या मुलांसाठी सांगतो, मोनाली याच शाळेत शिकली. दहावी झाली आणि त्याच पावसाळ्यात, दोन हजार साली, काविळीनं गेली. आज मे दोन हजार चार. या चार वर्षांत मी या शाळेत पाऊल ठेवलं नव्हतं. का ठेवलं नव्हतं, ते सरांना माहीत आहे. आज ते सगळ्यांसमोर सांगावं आणि सरांची माफी मागावी, एवढ्यासाठी मी दोन मिनिटं मागितली. दोनाची चार झाली तर अध्यक्षांनी घंटी वाजवावी. घंटी वाजली की थांबायची आम्हाला सवय आहे.

सर केंदूरचे. शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या हातून किती मुलं शिकली, इमारतीचा वरचा मजला कसा उभा राहिला, हे माझ्या आधीचे वक्ते बोलले आहेत. मी फक्त एका ठरावाबद्दल बोलतो.

आपल्या शाळेत तेव्हा एक पद्धत होती. नववीत जो पहिला येईल त्याचं नाव कार्यालयातल्या गुणवंत फलकावर पिवळ्या रंगात लिहायचं. दहावीचा निकाल बोर्डाचा, नववीचा आपला, म्हणून नववीचा मान मोठा. पण हा नंबर नुसत्या परीक्षेवर नव्हता. वीस मार्क शिस्तीचे होते, आणि शिस्त म्हणजे प्रार्थनेची हजेरी. प्रार्थना दहा चाळीसला. फाटक बंद झाल्यावर जो येईल त्याचा अर्धा मार्क कमी.

आता पाटस आणि केडगावची मुलं पुण्याकडून येणाऱ्या शटलने यायची. शटलची वेळ दहा दहा. स्टेशनपासून शाळा पंधरा मिनिटांवर. कागदावर सगळं जुळतं. पण दौंड जंक्शन आहे. फलाट रिकामा नसला की गाडी सिग्नलबाहेर उभी राहणार. मेल आधी, मालगाडी नंतर, आणि शटल सगळ्यांच्या शेवटी. स्टेशन मास्तर सांगणार आणि लिव्हर ओढणार कोण? मी. माझ्या केबिनच्या खिडकीतून ती पोरं दिसायची. दप्तर डोक्यावर धरून रुळाच्या कडेनं पळत यायची. मला ती फक्त गाडीतून उतरलेली पोरं दिसायची. त्यांचे अर्धे मार्क कापले जातात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मोनालीच्या ते लक्षात आलं. ती नववीत होती आणि शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री होती. मुलांनी मतं देऊन निवडलेली. तिच्या वर्गात पाटसची नकुशी कोकरे म्हणून मुलगी होती. तिचे वडील म्हाळू कोकरे मेंढरं राखतात. नकुशीचे फेब्रुवारीपर्यंत अकरा मार्क गेले होते. मोनालीचा एकही नाही. रेल्वे कॉलनीतून शाळेत यायला किती वेळ लागतो? आईची हाक ऐकू येईल एवढं अंतर.

मोनालीनं हा विषय मंत्रिमंडळात घेतला. शाळेतल्या मंत्रिमंडळानं काय करावं अशी आपली समजूत असते? फुलझाडांना पाणी घालावं, स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडाव्यात. मार्कांचा विषय त्यांनी घ्यावा, हे पुष्कळ शिक्षकांना रुचलं नाही. आमचे धायगुडे सर समोर बसले आहेत, ते रागावणार नाहीत. ते तेव्हा म्हणाले होते, "आज पोरं मार्क ठरवत्याल, उद्या माझी बदली ठरवत्याल." साकोरे सरांनी उत्तर दिलं, "बदलीचा ठराव आला तर मी त्यांना कारण विचारीन. मार्कांचंही विचारतो." आणि मुलांना सांगितलं, "तुम्ही ठरवाल ते मी मान्य करीन. पण पुरावा पाहिजे, आणि कोण काय बोललं ते वहीत लिहिलेलं पाहिजे."

एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो. मोनाली म्हणाली, "आप्पा, शटल रोज किती वाजता आत येती? जानेवारीच्या सगळ्या वेळा पाहिजेत."

म्हटलं, "कशाला?"

"शाळेत द्यायच्यात."

मला वाटलं, भूगोलाचा प्रकल्प असेल. दुसऱ्या दिवशी केबिनमधल्या रजिस्टरावरून एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागे सगळ्या वेळा उतरवून आणल्या. कधी दहा पस्तीस, कधी दहा पन्नास, एक दिवस अकरा वीस. असं बाहेर द्यायचं नसतं. रेल्वेचे कोणी साहेब इथे आले असतील तर त्यांनी एवढं वाक्य ऐकलं नाही असं समजावं.

बैठक झाली. शटलच्या उशिराचे मार्क कापू नयेत, हे बहुतेकांना पटलं. प्रश्न होता, कधीपासून? काही जण म्हणाले, पुढच्या वर्षीपासून करू, म्हणजे कुणाचंच बिघडत नाही. मोनालीचं म्हणणं, याच वर्षीपासून, आणि कापलेले मार्क परत. मत घेतलं. चार इकडे, चार तिकडे. मग मुख्यमंत्र्याचं मत. तिनं ते दिलं. एप्रिलात निकाल लागला. जुन्या नियमानं मोनाली सात मार्कांनी पहिली आली असती. नव्या नियमानं ती चार मार्कांनी दुसरी आली, पहिली नकुशी.

फलकावर नाव लिहायला पेंटर आला, तेव्हा तो म्हणे थबकला. नको असलेली मुलगी म्हणून ठेवतात तसलं नाव. त्यानं विचारलं, "सर, ह्येच नाव लिवायचं?" सर म्हणाले, "हजेरीपटावर आहे तेच. आणि अक्षर लहान करू नका."

ही गोष्ट शाळेत सगळ्यांना आवडली. मला आवडली नाही. केबिनमध्ये माझे सोबती म्हणाले, "ओव्हाळ, तुझ्याच पोरीनं तुझ्याच कागदावर तुलाच लाल सिग्नल दिला की." सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन हसू शकलो नाही. आमच्या घरात फलकावर जाईल असं नाव तोपर्यंत झालं नव्हतं. माझ्या वडिलांनी हमाली केली. मी मॅट्रिक झालो. मला ते नाव तिथं बघायचं होतं.

मी तिला म्हणालो, "पुढच्या वर्षीपासून केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ती म्हणाली, "आप्पा, नकुशी पुढच्या वर्षी धाव्वीत जाणार. मग तिची नववी कवा मोजायची?"

उत्तर आलं नाही की माणूस राग धरतो. मी पंधरा दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती ताट वाढून ठेवायची, मी जेवून उठायचो. पुढे बोलणं सुरू झालं, दहावीचा अभ्यास आला, सगळं पहिल्यासारखं झालं. पण "तू बरोबर केलंस," हे काही मी तिला म्हणालो नाही. वाटायचं, म्हणू कधीतरी.

ती गेल्यावर, जलदान विधी झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सरांकडे आलो. म्हणालो, "सर, त्या वर्षाच्या ओळीत जागा आहे. नकुशीच्या नावाशेजारी मोनालीचं नाव लिहा. पेंटर मी आणतो. नियम बदलला नसता तर तिचंच असतं." सरांनी चहा मागवला. मग म्हणाले, "ओव्हाळ, माझ्या हातात असतं तर मी स्वतः लिहिलं असतं. पण ते मोनालीनं माझ्या हातात ठेवलं नाही."

मी समोरचा चहा तसाच ठेवून उठलो. मला वाटलं, या माणसाला मूल गेल्याचं दुःख काय कळणार? हे मी मनात म्हणालो, आणि नंतर दोनचार लोकांजवळ तोंडानंही म्हणालो. माझा धाकटा रोहन याच शाळेत शिकतो, पण पालकसभेला त्याची आई सीमा यायची. सर रस्त्यात भेटले, त्यांनी नमस्कार केला, की मी खाली वाकून सायकलची चेन बघायचो. चार वर्षं माझ्या सायकलच्या चेनीला काहीही झालेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सर घरी आले. हातात मंत्रिमंडळाची जुनी वही होती. म्हणाले, "आता चार्ज द्यायचा. ही वही कपाटात जाईल. त्याआधी तुम्ही वाचावी असं वाटलं. हे मी चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. तुमच्याकडं यायचा मला धीर झाला नाही." चहा घेतला आणि गेले.

त्या बैठकीचं पान मोनालीच्या अक्षरात आहे. माझा कागद तिथं टाचणीनं लावलेला आहे. टाचणीला गंज आलाय. मी लिहून आणलंय, तेवढं वाचतो.

"क्रीडामंत्री म्हणाले, गाडी उशिरा येते कशावरून? मुलं स्टेशनवर भजी खात बसत असतील. मुख्यमंत्र्यांनी वेळांचा कागद दाखवला. आरोग्यमंत्र्यांनी विचारले, हा कोणी लिहिला? मुख्यमंत्री म्हणाल्या, माझ्या वडिलांनी. आरोग्यमंत्र्यांनी विचारले, यामुळे तुझा नंबर जाईल हे त्यांना माहीत आहे का? मुख्यमंत्री म्हणाल्या, माहीत नाही. माहीत असते तरी त्यांनी ह्याच वेळा लिहिल्या असत्या."

मंडळी, मी हे वाक्य महिनाभर वाचतो आहे. खरं सांगायचं तर मला खात्री नाही. माहीत असतं तर मी कागद दिला असता का? कदाचित म्हणालो असतो, रजिस्टर साहेबांच्या कपाटात आहे. पण तिला खात्री होती. भर बैठकीत तिनं माझ्याविषयी हे सांगितलं आणि वहीत लिहून ठेवलं. पुढे मी पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही, तेव्हाही तिनं ते पान फाडलं नाही.

सर, तुम्ही नाव लिहायला नाही म्हणालात ते बरोबर होतं. तुम्ही लिहिलं असतं तर तिचं मत तुम्हीच पुसल्यासारखं झालं असतं, आणि ते पुसायला मी तुम्हाला सांगत होतो. तुमच्याविषयी मी जे बोललो, ते ज्यांच्याजवळ बोललो त्यांतले दोघं आज या सभागृहात आहेत. त्यांच्यासमोर मी ते परत घेतो.

नकुशी इथे आली आहे. डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांना घेऊन आली आहे. आत येताना म्हाळूअण्णा मला म्हणाले, "पावनं, आज शटल येळेवर आली बगा." मी म्हणालो, "आज माझी ड्यूटी न्हाई." तेही हसले.

नव्या मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. फलक आहे तसाच राहू द्यावा. ती वही मात्र कपाटात बंद करू नये. दरवर्षी नवं मंत्रिमंडळ निवडून येतं, त्याला ते पान वाचायला द्यावं. आणि टाचणी तेवढी बदलावी, कागद खराब होतोय.

सर, पार्वतीबाई, तुम्हाला केंदूरला सुखाचे दिवस लाभोत. मला बोलू दिलं याबद्दल अध्यक्षांचा आणि आपल्या सर्वांचा आभारी आहे. मला भाषणाची सवय नाही, काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर पोटात घाला. जे आज बोललो ते चार वर्षांपूर्वी सरांना, आणि त्याच्याही आधी माझ्या मुलीला सांगायला हवं होतं. हा उशीर गाडीमुळे झालेला नाही. तो माझा आहे, आणि त्याचे मार्क सरांनी कापावेत.