मूठभर जुनी माती

हॅलो?… हो आई, प्रयोगशाळेतच आहे. बोल… माना टाकल्या? सगळ्या पानांनी?… रडू नकोस, नीट सांग. जुन्या घरून आणलेलं लिंबाचं रोप कुंडीत लावण्याआधी काय केलंस?… धुतलंस. नुसतं पाणी ओतलंस ना?… मुळं घासलीस? ब्रशनं?… जंतुनाशकसुद्धा! आई, ते रोप आहे, मोरी नव्हे!

नाही गं, ओरडत नाहीये… हो, हो, नवं घर, स्वच्छ फरशी, कळतंय… आणि माती?… विकतची, भाजून निर्जंतुक केलेली. म्हणजे तिथंही कुणी नाही.

कुणी म्हणजे जिवाणू… अगं ऐक ना! सगळेच रोगाचे नसतात. मुळं मातीत थोडी साखर पाझरवतात. तिच्या मागावर चांगले जिवाणू पोहत येतात… हो, पोहत. मातीच्या कणांवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यातून. मग मुळाला चिकटतात, वाढतात, थर धरून राहतात. वाईट जंतूंना जागाच उरत नाही… फुकटे कसले? खातात तसे राबतातही. मातीत अडकलेलं खत मोकळं करून देतात… हं, ते बिऱ्हाड तू धुऊन टाकलंस. मुद्दाम नाही, माहीत आहे मला.

बाबांना सांगितलंस?… रोज रोपाचं विचारतात? एवढंच बोलतात?… हो ना. घर विकल्यापासून दाराबाहेर पाऊल नाही, माझ्या फोनवरही येत नाहीत.

खरं सांगू? जगेलच असं म्हणत नाही. बारीक मुळंही तुटली असतील. खोड नखानं खरवडून बघ… हिरवं आहे? मग सावलीत ठेव. आणि जुन्या घरी जा. मोठ्या लिंबाखालची मूठभर माती आणून मुळांपाशी घाल. तिथले जिवाणू लिंबाच्या मुळांवरच पोसलेत.

पुढच्या आठवड्यात कशाला?… नवे मालक अंगणात फरशी बसवतायत? उद्या?… मग आजच जा! लाज कसली? माती मागायची आहे, घर नव्हे… बरं, हळू बोल, बाबा ऐकतील.

काय? स्पीकरवर आहे? पहिल्यापासून?

…आई? कसला आवाज तो?… उठले? काय शोधतायत?… खुरपं?… अडवू नकोस. खोक्यात असेल, बाल्कनीतल्या.

हॅलो?… बाबा?

…हो, बाबा. नाही, वरची नको. चार बोटं खालची, बारीक मुळं दिसतील तिथली… ओलीच राहू द्या… हो, आईलाही न्या… बाबा, सावकाश—

ठेवलासुद्धा.