जीव घाबरता

दिनांक ६ ऑगस्ट १९७९, सोमवार. पोलीस ठाणे, बहारीन.

मी, सत्यवती दत्ताराम पेडणेकर, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (स्टाफ नर्स), राहणार नर्सेस क्वार्टर्स, माहूज, मूळ गाव वेंगुर्ला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझे तोंडी बोलणे दुभाषी नझीरभाई हिंदीतून ऐकून अरबीत लिहून घेत आहेत. शेजारी हा कागद मी मराठीत लिहीत आहे. ठाण्याच्या साहेबांनी परवानगी दिली आहे. सगळी चूक एका शब्दाच्या भाषांतरात झाली, म्हणून तो शब्द निदान एका कागदावर जसाच्या तसा राहावा.

मी आधी इस्पितळाच्या मेडिकल वॉर्डात होते. चार महिन्यांपूर्वी माझी बदली मानसिक वॉर्डात झाली. आज दुपारी तेथे गुंडू तांडेल नावाचा गवंडी आणला गेला. वय चाळीसच्या आसपास, मालवणकडचा. बांधकामावर तो अडखळत बडबडू लागला, मुकादमाच्या अंगावर धावला. अपघात विभागात त्याने तोंडातून एकच वाक्य काढले. तेथील मदतनीस शब्बीर बहारीनी आहेत. तरुणपणी मुंबईच्या गोदीत होते, त्यामुळे त्यांना हिंदी येते. त्यांनी डॉक्टरांना सांगितले, ‘याला जिवाची भीती वाटते, कोणीतरी मारील म्हणतो.’ त्यावरून त्याला शांत करण्याचे इंजेक्शन दिले, मनगटे पलंगाला बांधली आणि आमच्याकडे पाठवले. शब्बीरभाईंनी कपटाने काही केले नाही. ते चांगले गृहस्थ आहेत.

मी जवळ गेले तेव्हा तो तेच वाक्य पुटपुटत होता. ‘बाय, माजो जीव घाबरता.’

हे मालवणी आहे. याचा अर्थ भीती नव्हे. छातीत धडधडते, हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याला आमच्याकडे जीव घाबरणे म्हणतात. हे शरीराचे गाऱ्हाणे आहे.

ऑगस्टमध्ये इथे घाम कोणालाही येतो. पण वॉर्डात एअरकंडिशनर चालू होता आणि त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. हात बर्फासारखे गार होते, बोटे कापत होती. त्याचा खोलीसोबती गणपत दाराबाहेर उभा होता. मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘सोमार मा आज श्रावणातलो. उपास हा तेचो. कोरी चाय घेतल्यान आणि गोळी घेतल्यान.’

‘कसली गोळी?’

‘गोडाची. डायबेटिसची. देशातसून हाडलेली.’

उपाशी पोटी साखर उतरवणारी गोळी. रमजान चालू आहे, साहेबांचा स्वतःचा रोजा आहे, त्यांना उपास म्हणजे काय हे सांगायला नको.

मी आमच्या वॉर्डाचे डॉक्टर इलियास यांना फोन केला. ते दुसऱ्या वॉर्डात अडकले होते. म्हणाले, ‘मानसिक रुग्ण आहे, बांधलेला राहू द्या, मी येतो.’ मी थांबले नाही. आमच्या वॉर्डात रक्तातली साखर पाहण्याची पट्टी नसते, ग्लुकोजचे इंजेक्शनही नसते. जणू वेड लागलेल्या माणसाला रक्त नसते! दारावरची पाटी बदलली की शरीराची चौकशी बंद होते. हे मी रागाने लिहीत आहे आणि ते खोडणार नाही.

दोन्ही वस्तू मी मेडिकल वॉर्डातून आणल्या. पट्टीचा रंग जवळजवळ बदललाच नाही, म्हणजे रक्तात साखर नावालाच होती. शीर सापडावी म्हणून उजवा हात सोडला. त्याने तो झटकला, तो आमच्या वॉर्डातल्या मदतनीसाच्या ओठाला लागला व रक्त आले. याबद्दल मला वाईट वाटते. त्यानंतर मी ग्लुकोज शिरेतून दिले. डॉक्टरांचा हुकूम नव्हता, हे खरे आहे.

थोड्या वेळात गुंडूने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिले आणि हातात दिलेला बिस्किटाचा पुडा पाहून म्हणाला, ‘बाय, उपास मोडलंस मा माजो!’

मी म्हटले, ‘महादेवाक माजा नाव सांग.’

तो हसला. वेडा माणूस असा हसत नाही, असे मी म्हणणार नाही, तोही हसतो. पण याला तारीख, वार, मुकादमाचे नाव सगळे सांगता येत होते.

त्याने एकच बिस्किट खाल्ले होते, तेवढ्यात मदतनीसाच्या दुखापतीच्या तक्रारीवरून पोलीस मला न्यायला आले. तो ओरडला, ‘बायक खय व्हरतास?’ आणि उठू लागला. त्याला पुन्हा बांधले, पुन्हा झोपेचे इंजेक्शन दिले. हे मी दारातून पाहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्लुकोजचा परिणाम थोडा वेळ टिकतो. त्या गोळीचा अंमल दिवसाहून जास्त टिकू शकतो. साखर पुन्हा उतरणार. जागा असता तर त्याने सांगितले असते. औषधाने झोपलेला माणूस आणि साखर उतरून बुडत चाललेला माणूस वरून सारखाच दिसतो. कोणी हात लावून पाहिले तरच कळते.

फोन साहेबांच्या टेबलावर आहे. मी तो वारंवार मागितला. नझीरभाई म्हणतात, ‘पहले बयान खलास करो सिस्टर, साइन करो, फिर फोन.’ माझा पासपोर्ट इस्पितळाकडे आहे. मी पळून कुठे जाणार?

अरबी कागद त्यांनी मला हिंदीत वाचून दाखवला. त्यात आहे, ‘मरीज को अपनी जान का डर था.’

मी म्हटले, ‘डर नही, भाईसाब. घबराना.’

‘एक ही बात है, सिस्टर. यल्ला, जल्दी साइन करो.’

त्या वाक्याने मी गुन्हेगार ठरते. घाबरलेल्या, धोकादायक रुग्णाला सोडणारी नर्स. नोकरी जाईल, परत पाठवतील. तरीही मी त्या कागदावर सही केली आहे. वाद घालायला गुंडूकडे वेळ नव्हता.

सही होताच फोन मिळाला. वॉर्डातून उत्तर आले, ‘काळजी नको, सिस्टर. पेशंट शांत झोपला आहे.’

मी सांगितले, उठवा. हात लावा, गार आहे का पाहा. उठत नसेल तर तोंडात काही घालू नका, डॉक्टरांना ओढून आणा, ग्लुकोज शिरेतून द्या.

पाहायला गेले आहेत. रिसीव्हर माझ्या डाव्या कानाशी आहे, पलीकडून अजून कोणी बोललेले नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला आणि मोठ्याने वाचला. या खोलीत तो कोणाला समजला नाही. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.

सही/-
सत्यवती दत्ताराम पेडणेकर