नारळ आणि सुपरकपॅसिटर

माझ्या प्रोजेक्टच्या परीक्षेची गोष्ट तुम्हाला सांगितली नाही का? जुन्या गाडीतली बॅटरी काढून तिच्या जागी वीज साठवणारे सहा सुपरकपॅसिटर बसवायचे आणि त्यांच्यावर इंजिन सुरू करून दाखवायचं, एवढंच काम. सुरू झालं तर पास, नाही तर आणखी सहा महिने. त्यात आमच्या सरांनी घाबरवून ठेवलेलं, "तारा उलट्या जोडल्यास तर कपॅसिटर फुटेल हं!" मी लाल तार दहा वेळा तपासली.

परीक्षक शाहूपुरीत बापू मिस्त्रींच्या गॅरेजवर आले. मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली आणि त्याच क्षणी फाडकन आवाज झाला. पुढचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी रस्त्यापलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभी होते.

"अगं ए पोरी, पळतीस कुठं?" बापू ओरडले. त्यांच्या हातात अर्धा नारळ होता. "गाडीत नवीन वस्तू बसवली, नारळ फोडाय नको व्हय?"

इंजिन मात्र मजेत चालू होतं. मी परत आले, तर परीक्षकांनी हसू दाबत विचारलं, "बॅटरी आणि कपॅसिटरमध्ये फरक काय?"

मी तोंड उघडायच्या आतच उत्तर बापूंनी दिलं, "साहेब, बॅटरी म्हंजे मी. दिवसभर सावकाश चालतोय. आन् कपॅसिटर म्हंजे ही पोरगी. हाय न्हाय तेवढं बळ एका झटक्यात काढून रस्त्यापल्याड!"

"अगदी बरोबर," म्हणत परीक्षकांनी त्या उत्तराचे गुण माझ्या नावापुढे लिहिले. मी गुपचूप खोबरं तोंडात टाकलं.