नुसतं चिनात्सु

नाकानोतल्या पुस्तकाच्या दुकानाबाहेर रांग होती. माझ्यापुढे दोघे मित्र, मोरिकावा आणि ओगुरा.

"बायकांचं मन मला बरोब्बर कळतं, ओगुरा. हे मंगा कॉमिक वाचून शिकलोय."

"यातली नायिका यंत्र आहे, मोरिकावा."

"म्हणून तर! ती नायकाला कायम आडनावाला आदराचं 'सान' जोडून हाक मारते. अन् एक दिवस नुसतं नाव घेते. तो ढसाढसा रडतो."

"बरं, मग?"

"मग काल मीही मियोशी-सानना नुसतं 'चिनात्सु' म्हटलं. लिफ्टमध्ये."

"तुझ्या मॅडमना? गाढवा, लिफ्टमध्ये आणखी कोण होतं?"

"अख्खा अकाउंट्स विभाग."

"मग रडल्या?"

"कमरेत वाकून म्हणाल्या, 'माझं काही चुकलं का, मोरिकावा-सामा?'"

"सामा? गिऱ्हाईकाला म्हणतात तसं?"

"आधी लाडानं 'मोरिकावा-कुन' म्हणायच्या रे. डब्यातलं अंडं द्यायच्या. आज डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. 'कुन' होतो तेच बरं होतं."

"फोन कर. माफी माग."

"आत्ता? इथे?"

"आत्ता!"

फोन लागला. "मियोशी-सान, चुकलं माझं," म्हणत मोरिकावा कमरेत वाकला. त्याचं डोकं दुकानाच्या दारातल्या पुठ्ठ्याच्या नायिकेवर आपटलं, तिची मान मोडली आणि त्या धक्क्यानं फोन कट झाला.